सासऱ्यांच्या हातचे फुनके

माझ्या सासऱ्यांना सत्तरीपर्यंत साधा चहासुद्धा करता येत नव्हता.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. आणि सकाळपासून मला आठवतंय ते त्यांच्या हातचं खाणं.

आबा ट्रॅक्टरच्या गॅरेजात फिटर होते. गाव पारोळ्याकडचं, पण आयुष्य गेलं जळगावात, पिंप्राळ्यात. घरात कमी बोलायचे. माझ्याशी तर त्याहून कमी.

सासूबाई गेल्या त्या वर्षीचा उन्हाळा फार वाईट होता. मी लॅबमध्ये नोकरीला, सोमवार ते शनिवार. रविवारी घरातलं राहिलेलं सगळं. ओट्याजवळ उभं राहिलं की घाम डोळ्यांत उतरायचा.

एका शनिवारी मी बहिणीशी फोनवर बोलत होते. चिडूनच म्हणाले, "आठवड्यातून एक दिवस तरी मला कोणी झोपू देईल का गं?"

खिडकीच्या पलीकडे ओसरीवर आबा बसले होते. मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दचकून उठले तर साडेनऊ वाजलेले. कोणी उठवलंच नाही!

धावत किचनमध्ये गेले. आबा बनियनवर, खांद्यावर पंचा. ओट्यावर डाळ, लसणाची सालं, तीन पातेली. हातात झाकण घेऊन चाळणीकडे बघत उभे.

"हाई काय व्हयी गयं?" हे काय होऊन बसलं, असं आबा अहिराणीत स्वतःशीच पुटपुटत होते.

फुनके केले होते. म्हणजे करायचे होते. भिजवलेली तूरडाळ जाडसर वाटायची, त्यात मिरची, लसूण, जिरं, कोथिंबीर घालून मुटके वळायचे आणि वाफवायचे. आबांनी डाळीत पाणी ओतलं होतं. मुटक्यांचा पार लगदा.

"आबा, मला उठवायचं ना!"

"झोपली होतीस."

एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तो लगदा आम्ही कढी ओतून चमच्याने खाल्ला. माझा नवरा सचिन हसू दाबत होता. मी मात्र दोनदा घेतलं. खरंच भूक लागली होती. आणि कुणीतरी आयतं वाढलेलं खाऊन मला किती दिवस झाले होते!

पुढच्या रविवारी मुटके टिकले. त्याच्या पुढच्या रविवारी तर फक्कड जमले. वरून कच्चं शेंगदाणा तेल, बाजूला कांदा, गार पन्हं.

शनिवारी संध्याकाळी आबा स्कूटरवर बाजारात जायचे. कैरी नखाने टोकरून, वास घेऊन आणायचे. ऊन चढायच्या आत गॅस बंद झाला पाहिजे, हा त्यांचा नियम. "वाफेला काम करू द्यायचं. आपण कशाला तापायचं?" फिटरच शेवटी.

माझी मुलगी रेवा तेव्हा आठवीत. ती म्हणाली, "आबा, साडेदहाला खातात ना, त्याला ब्रंच म्हणतात."

"बरंच?"

"ब्रंच!"

"तेच ते. बरंच खायचं."

मग दर शनिवारी फॅमिली ग्रुपवर त्यांचा मेसेज यायचा. "उद्या बरंच. कैरीची चटणी पण शे." शे म्हणजे आहे.

एकदा सगळे उठून गेल्यावर मी त्यांना विचारलं, "आबा, एवढं का करता? मी आता केलं तरी चालेल."

ते ताटातलं उरलेलं मीठ बोटाने गोळा करत बसले.

मग म्हणाले, "तुन्ही सासूले मी एक दिन बी झोपू दिधं नही. रविवार कोणता, तिला कधी कळलंच नसेल. मला वाटायचं, बायांना सवय असते."

मी त्यांच्यासमोर बसले.

"आते कोणले सांगू? ती तर गेली." ते म्हणाले. आणि उठून स्वतःचं ताट धुवायला गेले.

त्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो. खरं बोलायला. सासूबाईंबद्दल, त्यांच्या गॅरेजबद्दल, माझ्या माहेराबद्दल. सासरे आणि सून इतकं बोलतात का, असं शेजारच्या अक्का विचारायच्या.

दोन वर्षांनी आबांना लकवा मारला. उजवा हात गेला. त्यांनी किचनकडे यायचंच सोडलं. रविवारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

एका रविवारी मी हट्टाने डाळ भिजवली. मिक्सर लावला. तेवढ्यात आतून ओरडणं आलं.

"बंद कर! पीठ व्हई जाई!"

आवाजावरून ओळखलं त्यांनी. मी मिक्सर उघडला. डाळ अगदी हवी तशी जाडसर होती.

सचिनने त्यांना खुर्चीसकट उचलून किचनच्या दारात आणून बसवलं. मग आबा सांगायचे आणि सचिन करायचा. "मीठ बघ. अरे सच्या, मुटका दाबू नको, मुठीत नुसता धर." बापलेक एकमेकांशी एवढं बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं.

मागच्या वर्षी मे महिन्यात त्यांना ॲडमिट केलं. छातीत कफ झाला होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी जरा बरं वाटत होतं. मी मऊ खिचडी भरवायला गेले.

"काय खाणार आबा? थोडं तरी घ्या."

त्यांनी डाव्या हाताने चमचा बाजूला केला. माझ्याकडे नीट बघितलं.

"तू जेवनी का?"

"हो आबा. जेवले."

सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"खोटं," ते म्हणाले. मग दारात उभ्या असलेल्या सचिनला, "सच्या, हिला खाली घेऊन जा. पोटभर खाऊ घाल. मी शे इथंच."

आम्ही कॅन्टीनमध्ये जाऊन पोळी-भाजी खाल्ली. परत आलो तेव्हा ते शांत झोपले होते. पहाटे झोपेतच गेले.

आबा, त्या दिवशी मी जेवले. पूर्ण जेवले. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

खूप आठवण येते. नमस्कार करते, आबा.