पलीकडच्या खोलीतली आते

साल्मियातल्या फ्लॅटमध्ये एका शुक्रवारी दुपारी मला स्पष्ट हाक ऐकू आली. "आते!"

मी दचकून उठून बसले. देवगडला माझ्या भावाचा मुलगा मला आते म्हणतो. कुवेतमध्ये मला त्या नात्याने हाक मारणारं कोणीच नव्हतं.

हाक पलीकडच्या खोलीतून आली होती. तिथे एक फिलिपिनो नर्स नुकतीच राहायला आली होती. फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. मी दार वाजवलं. ती पलंगाच्या कडेला बसली होती, तोंड भिंतीकडे.

"मला हाक मारलीस?" मी इंग्रजीत विचारलं.

"तुला नाही. आते म्हणजे आमच्याकडे मोठी बहीण."

"फोनवर बोलत होतीस का?"

"हिंदी," ती म्हणाली.

मला वाटलं, हिंदीत बोल म्हणतेय. पण त्यांच्या टागालोगमध्ये हिंदी म्हणजे नाही. त्यातला शेवटचा ई असा तुटतो, जणू बोलणाऱ्याच्या तोंडावर कोणी अचानक हात ठेवला. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर तिचा फोन तिथेच चार्जिंगला लावलेला.

त्यानंतर मीच तिच्या मागे लागले, मला शब्द शिकव म्हणून. भीती घालवायचा तो माझा मार्ग होता. आम्ही भाजी चिरताना सुरुवात केली. मुखा म्हणजे चेहरा. हा तर आपलाच. माता म्हणजे डोळा. शाळेच्या तक्त्यावर ङ पुढे कधी चित्र नसायचं, तिच्याकडे त्याच अक्षराने शब्द सुरू होत. ङिपिन म्हणजे दात, ङिती म्हणजे हसू, ङायोन म्हणजे आत्ता. माझी जीभ अडखळली की ती पोट धरून हसायची. अशी हसली की फार लहान दिसायची.

मग एकदा 'आम्ही'वर आलो. "आमच्याकडे दोन आहेत," ती म्हणाली. "तायोमध्ये तूही येतेस. कामीमध्ये तू नाहीस, बाकीचे आहेत."

"आमच्याकडेही दोन आहेत! आपण आणि आम्ही."

तिला फार आनंद झाला. क्लिनिकमधल्या हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणींना म्हणे हे किती समजावलं तरी पटत नसे.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून आल्यावर मी टागालोगमध्येच विचारलं, जेवलीस का? ती सहज म्हणाली, "कुमाइन ना कामी." आम्ही जेवलो.

मला वाटलं, मला चाचपून बघतेय. "आको म्हण. मी."

"नाही. कामी."

ओट्यावर दोन ताटल्या धुऊन उपड्या घातलेल्या होत्या. मी माझं जेवण वाढून घेतलं. पण त्या दिवसापासून कान तिच्या भिंतीला लागले. ती बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. मधली शांतता एखाद्या उत्तराएवढी असायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर धुळीचं मोठं वादळ आलं. शर्कमधलं आमचं ऑफिस लवकर सुटलं. घरी पोचले तेव्हा खिडक्यांबाहेर सगळं नारिंगी झालं होतं, समोरची इमारतही दिसत नव्हती. ती घरीच होती. टेबलावर भाताच्या तीन ताटल्या वाढलेल्या.

"काइन ना तायो," ती म्हणाली. चला, आपण जेवू.

मी ताटल्या पुन्हा मोजल्या. तरी मी बसले. उठून बाहेर तरी कुठे जाणार होते?

"माझ्या आतेनं मला वाढवलं," ती भात कालवत म्हणाली. "ती याच खोलीत राहायची. साथीत विमानं बंद होती तेव्हा इथेच ताप येऊन गेली. जवळ कोणी नव्हतं. पुरलंही इथेच, कुवेतमध्ये. मी ही खोली मुद्दाम शोधून घेतली."

"ती… इथे आहे?"

"ङायोन," ती तिसऱ्या खुर्चीकडे बघत म्हणाली. या खेपेला मला शब्द लगेच कळला. आत्ता.

आमच्या गावी वारलेल्या माणसांसाठी पान वाढतात. माझा हात आपोआप उठला. मी तिसऱ्या ताटलीत डाळ वाढली आणि मराठीत म्हणाले, "आते, जेव."

समोर बसून ती रडत होती. आवाज न करता, जेवता जेवता.

वादळ ओसरल्यावर मी फडकं घेतलं. फटींतून आलेली पिठासारखी धूळ टेबलावर, फ्रिजवर, माझ्या खुर्चीवरही बसली होती. त्या तिसऱ्या खुर्चीवर मात्र नव्हती. ती खुर्ची टेबलाच्या आड आली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या वर्षी तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. निघायच्या सकाळी बॅगा बाहेर ठेवून ती रिकाम्या खोलीच्या दारात उभी राहिली. "उवी ना तायो," ती आत बघून म्हणाली. चल, आपण घरी जाऊ. मी लिफ्टपर्यंत गेले. ती आत शिरली, आणि दार बंद व्हायला लागलं तशी तिने हात घालून ते अडवून धरलं, कोणीतरी मागून येत असावं तसं. मग हात काढला.

खोलीत पुढे बरेच दिवस कोणी आलं नाही. मी तिचं दार उघडंच ठेवायचे. येता-जाता कान द्यायचे. आतून कसलाच आवाज यायचा नाही, आणि मला ते आवडत नव्हतं.