शिकवणाऱ्याने हात मागे

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर रूमचा नियम पहिल्याच दिवशी सांगितला जायचा, आणि 'का' म्हणून विचारायचं नाही हेही: चपला दाराबाहेर, आर्ट्स-कॉमर्सवाले त्याहून बाहेर. मी थर्ड इयर बीएस्सी, आणि विचारणाऱ्यांतली. त्यामुळे किस्से साठत गेले. आजही नौपाड्यात चहाला चौघं भेटलो की एक निघतो, आणि तो संपायच्या आत कुणाला तरी दुसरा आठवलेला असतो.

सुरुवात विचारण्यापासूनच झाली. विभागप्रमुख देवधर सरांना म्हटलं, "शनिवारी दुपारी रूम रिकामी असते. आम्ही सायन्सवाले बाकीच्यांना शिकवतो. एकाला एक."

"आर्ट्सच्या मुलींना कॉम्प्युटर कशाला?"

"सर, आपल्याला कशाला?"

सरांनी चष्मा पुसला. "एक टर्म बघू. शेवटी संस्थेचे लोक येतील. त्यांना पटलं तर चालू, नाहीतर बंद."

*

पहिल्या शनिवारी माझ्या वर्गातला अविनाश शिकवायला बसला. शेजारी कोपरीची संगीता, एस.वाय.बीए, इतिहास. अविनाशने तासभर स्वतःच कीबोर्ड बडवला आणि ऐटीत विचारलं, "समजलं?"

"समजलं," संगीता म्हणाली. "तुला छान येतं."

त्या दिवशी आम्ही आमचा नियम केला: शिकवणाऱ्याने हात मागे. कीबोर्ड शिकणाऱ्याचा. पुढच्या शनिवारपासून संगीता माझ्याकडे आली, अविनाशला दुसरं कोणी दिलं. अविनाशला इतका त्रास व्हायचा, की तो हात बांधायला ओढणी मागायचा.

*

घरी काका म्हणाले, "त्या मुलींना शिकवून तुझे मार्क वाढणार आहेत का?"

"नाही काका. तुमच्याशी बोलूनही वाढत नाहीत."

आई चहा आणते म्हणून आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

*

शहाडचा नितीन कॉमर्सचा. महिन्याभरात इतका तयार झाला, की आम्ही त्याला सायन्सच्याच एका एफ.वाय.वाल्याला शिकवायला बसवलं. तेवढ्यात देवधर सर आले.

"कॉमर्सचा कोण?"

नितीनने मान हलवली.

"मग उलटे बसलात तुम्ही."

"नाही सर, बरोबर बसलोय. बघा ना, हात माझे मागे आहेत."

*

संगीताचे वडील खाडीत मासेमारी करायचे. तिने स्वतःच्या डोक्याने प्रोग्राम लिहिला: कॉम्प्युटर तिथी विचारणार, आपण टाकायची, तो तिची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणार. कोळीवाड्यात हा हिशोब सगळ्यांना तोंडपाठ. तिने वडिलांना कौतुकाने सांगितलं.

ते म्हणाले, "त्याला लाईट कशाला जालताव? मी फुकट सांगतो."

*

टर्म संपली. संस्थेचे तिघे जण येणार होते. दाखवायला आमच्याकडे सर्वांत चांगला प्रोग्राम संगीताचा. सकाळी सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला बाहेर थांबव. त्यांच्यासमोर सायन्सचंच कोणीतरी बसलेलं बरं दिसेल. तू चालव, म्हणजे वर्ग वाचेल."

पाहुणे चपला काढून आत आले. सरांनी मला खुर्ची दाखवली. मी हात मागे बांधले.

"अगं, चालव ना."

"सर, संगीताला मी शिकवलंय. शिकवणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. आणि ती बाहेर चपलांपाशी उभी आहे."

अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. सर हसले आणि स्वतः खुर्चीत बसले. प्रोग्राम सुरू केला. स्क्रीनवर प्रश्न आला: आज तिथी कोणती?

सरांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी दुसऱ्यांकडे, दुसऱ्यांनी तिसऱ्यांकडे. तिसऱ्यांनी खिसा चाचपला.

सर हळूच म्हणाले, "आज कोणती गं?"

"मला माहीत आहे. सांगणार नाही. संगीताला आत बोलवा."

अध्यक्ष स्वतःच दारापर्यंत गेले आणि बाहेर वाकून म्हणाले, "संगीता, आत ये. आज तिथी कोणती?"