वखराले पटाचा बैल

माझ्या जीपने दोन वर्षं मला ट्रॅक्टरची आरती करायला लावली.

कारंज्याच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की एक खडकाळ टेकडी लागते. थंडीत कापसाची पहिली वेचणी आटोपली की आमच्या भागातले जीपवाले एका रविवारी सकाळी तिथे जमतात. बक्षीस-बिक्षीस काही नाही. एकेकाने टेकडी चढायची, एवढंच. जो अडकेल त्याला ट्रॅक्टर ओढून वर नेतो, आणि मग अडकलेल्याने सगळ्यांसमोर त्या ट्रॅक्टरला कुंकू लावून ओवाळायचं. हा रिवाज कोणी काढला देव जाणे! मी आर्वीत बी-बियाण्यांचं दुकान चालवते, आणि त्या घोळक्यात बाई मी एकटीच. दुसऱ्या वर्षी मी निरांजन फिरवत होते, तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "ताई, नाव घ्या नाव!"

सगळे खो खो हसले. माझं डोकं मुळातच गरम. मी ताट नवऱ्याच्या हातात कोंबलं आणि ओरडले, "पुढच्या वर्षी नाई चढली ना, त इथंच विकून टाकीन हे जीप! ज्याले पाह्यजे त्यानं घेऊन जाजा!"

त्या नाव-घ्यावाल्यानेच हात वर केला. "मी घेतो ताई. पक्कं?"

"पक्कं!" मी म्हटलं. चारचौघांत दिलेला शब्द. घरी आलो तर फाटकापाशी नवरा म्हणाला, "बाबांले कोन सांगन?"

कारण जीप मुळात माझ्या वडिलांची. आंजीला आमची शेती आहे. गुडघे धरले तेव्हा बाबांनी शेवटची बैलजोडी विकली आणि शेतावर जायला ही जुनी डिझेल जीप आणली. जोडी गेली त्या दिवशी ते जेवले नाहीत. जीपला त्यांनी कधी गाडी म्हटलं नाही, डबडंच म्हणायचे. बैलांना मात्र 'राज्या' म्हणायचे. शेतात वखर चालवताना दिवसभर "चाल राज्या, चाल राज्या". मी एकुलती एक लेक, पण मलासुद्धा त्यांनी कधी इतक्या लाडाने हाक मारली नाही. पुढे जीप त्यांनी मला दिली आणि मी तिला मोठे टायर लावले, उंच केली, पुढे लोखंडी बंपर बसवला. दिसायला तर अशी झाली की बस्स! फक्त चढत नव्हती.

तर इंजिनाची ताकद वाढवायचीच, हे ठरलं. ते महिने माझ्या आयुष्यातले भल्ले मजेचे महिने होते, खोटं काय सांगू? गिऱ्हाईक सोयाबीनचं बियाणं विचारतंय आणि मी काउंटरखाली मोबाइलवर टर्बोचे व्हिडिओ बघतेय. भाजी करपली. नवरा म्हणाला, "तू घरातले मानसं पाह्यते का इंजिन?" मी म्हटलं, "सध्या इंजिन."

कारंज्याला ढाब्यांच्या रांगेत एक मिस्त्री आहे. ट्रकची इंजिनं उघडण्यात हात बसलेला, बोलायला मात्र कंजूष. त्याने चहा मागवला आणि तीन वाटा सांगितल्या. एक, भंगारातल्या मोठ्या गाडीचं इंजिनच उचलून बसवायचं, पण मग आरटीओत कागद बदलत बसा. दोन, आहे त्याच इंजिनाला टर्बो, म्हणजे जादा हवा कोंबणारा पंखा, लावायचा. तीन, आहे तेच इंजिन उघडून नीट बांधायचं आणि पुढच्या-मागच्या दोन्ही आसांमधला क्राऊन-पिनियनचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांचा, जोड बदलायचा, म्हणजे इंजिन तेवढंच फिरेल, चाक हळू फिरेल, पण जोर लावून फिरेल.

हळू? हळू कोणाला पाहिजे होतं!

"टर्बोनं पिकअप भेटन का?" मी विचारलं.

"पिकअप त भल्ला भेटन ताई. पन..."

पुढचं मी ऐकलंच नाही. पिकअप! हा शब्द कानात पडला आणि मी हवेत. टर्बो बसला त्या दिवशी हायवेवर जीप अशी सुटली की माझ्या तोंडून किंकाळी निघाली. शेजारी बसलेल्या नवऱ्याने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. मी तशीच थेट आंजीला गेले. बाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली बसले होते. शेताच्या कडेला नाल्याचा उभा, दगडगोट्यांचा काठ आहे, जवळपास त्या टेकडीसारखाच. मी ओरडले, "बाबा, पाहा आता तुमच्या डबड्याची कमाल!"

आणि घातली जीप. अर्ध्यात वेग पडला, इंजिन मरायला लागलं. मी पाय दाबला. क्षणभर काहीच नाही, आणि मग टर्बो असा एकदम खवळला की चारही चाकं जागच्या जागी गरगरली. दगड मागे उडाले, मातीत खड्डे पडले आणि जीप पोटावर बसली.

बाबा काठी टेकत आले. वाकून चाकांकडे बघितलं.

"काऊन वं," ते म्हणाले, "वखराले पटाचा बैल जुपला काय?"

आमच्याकडे शंकरपट असतो, बैलांची शर्यत. पटाचा बैल एकदा सुटला की डोळ्यांना दिसत नाही, पण त्याला वखराला जुंपलं की तो हिसका देतो, जू तोडतो, आणि चिखलात रुततो. वखराचा बैल वेगळा. तो पाऊल टाकायच्या आधी जमीन जोखतो. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि तरी भर वावरात उभी राहून पिकअप-पिकअप करत होते! मला माझीच इतकी लाज वाटली, आणि दुसऱ्याच मिनिटाला इतका आनंद झाला, की मी तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. "काढा तो टर्बो! तीन नंबरचं काम करा!"

"थेच त सांगून राह्यलो होतो ताई," मिस्त्री म्हणाला.

मिस्त्रीचं काम झालं आणि टेकडीचा रविवार उजाडला. बाबा म्हणाले, मी पण येतो. त्यांना शब्दाचं सांगितलं होतं. आदल्या दिवशी ते एकटेच जीपच्या आत बराच वेळ बसले होते, असं आई म्हणाली. डिकीत पूजेचं ताट दिसलं. मी नवऱ्याकडे डोळे वटारले, तर म्हणतो, "असू दे, वेळेवर धावपळ नको." असा माझ्यावर भरवसा!

माझी पाळी आली. हात वर करणारा गडी वरच उभा होता, चावी घ्यायला. मी पहिला गिअर टाकला, तोही लोमध्ये, म्हणजे सगळ्यात संथ चालीत, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय जवळजवळ उचलूनच घेतला. जीप निघाली. इतकी हळू, की खाली लोक हसायला लागले. पण थांबेना! दगडावर चाक चढलं, उतरलं, पुढच्यावर चढलं. जिथे दोन वर्षं अडकले तो उभा खडक आला, इंजिनाचा आवाज जाड झाला. आणि बाजूला बघते तर बाबा! काठी टेकत, गुडघे ओढत, जीपच्या बरोबरीने चालत होते. जीपचा वेगच तेवढा होता. त्यांचा डावा हात बॉनेटवर होता.

"बाबा, सरका! चाकाखाली याल!"

ते माझ्याकडे बघतच नव्हते. जिभेने टक् टक् आवाज करत होते, वखर हाकताना करायचे तसा.

"चाल राज्या," ते म्हणाले. "घाई नोको करू. चाल."

समोरचं सगळं धूसर झालं. मी रडत होते आणि मोठमोठ्याने हसतही होते, आणि पाय मात्र तसाच धरून ठेवला. वर सपाटीवर पोचलो तेव्हा खालून शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ. तो चावीवाला टोपी काढून बाजूला झाला. नवरा ताट घेऊन धापा टाकत वर आला आणि मी त्याला म्हटलं, "द्या इकडं, आता नाव पण घेते!"

पण ताट बाबांनी घेतलं. बॉनेटला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, मग नवऱ्याला विचारलं, "याले चारायले काही आनलं नाई काय?"