बिगर पथ्याचं औषध

आतड्याच्या सुजेवर औषध देणं सोपं. त्या औषधावर घरच्यांचा विश्वास बसवणं महाकठीण. हे मला शहागंजातल्या माझ्या दवाखान्यानं शिकवलं, तेही डोकं पिकवून.

तेव्हा शहरातल्या पोटविकाराच्या डॉक्टरांचं एक संशोधन चाललं होतं. जुलाब न थांबणारे, रक्त पडणारे रोगी आमच्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरांनी हेरायचे, दुर्बिणीनं तपासायला तिकडं पाठवायचे आणि मग गोळ्या नीट चालू राहतात का, ते बघायचं. माझ्याकडं गंगापूरकडची एक तरुण सून यायची. तपासणीत तिचं आतडं आतून सुजून सोललेलं निघालं. मी गोळ्या लिहून दिल्या, तशी सोबत आलेली सासू पुढं सरकली.

"पथ्य काय?"

"काही नाही. सगळं खाऊ द्या."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी डिग्री विकत घेतली होती. "बिगर पथ्याचं औषध असतंय व्हय?"

पुढच्या खेपेला सून निम्मी झाली होती. रक्त थांबलं होतं, जुलाबही, पण वजनकाट्यावर चढताना तिनं भिंत धरली. डाळ जड, वांगं वातूळ, शेंगदाणे पित्ताचे, अंडं उष्ण, दूध तर नकोच. मी न सांगितलेलं पथ्य सासू, जाऊ आणि शेजारणींनी मिळून पुरवलं होतं. रोगातून वाचलेली ही पोरगी पथ्यानं मरणार! मी समजावलं, ओरडले, आतड्याचं चित्रसुद्धा काढून दाखवलं.

"तुमचं खरं हाय, बाई," सासू शांतपणे म्हणाली, "पण पोट लई नाजूक हाय तिचं."

पालथ्या घड्यावर पाणी! संशोधनवाल्यांना फोन केला, तर म्हणाले, आहाराला बंधन नाही एवढंच सांगा. अरे, तेच तर सांगत होते मी!

शेवटी वैतागून सासूला समोर बसवलं आणि आवाज चढवला. "आता कडक पथ्य सांगते. मोडलं तर माझ्याकडं यायचं नाही. हिनं शिळं खायचं नाही. सगळ्यांच्या आधी, गरम, पोटभर जेवायचं. दोन्ही वेळा डाळ, रोज अंडं. उपास बंद."

सासूचा चेहरा उजळला. "मग हे आधीच नाय का सांगायचं!"

कपाळावर हात मारून घेतला मी. पण त्या बाईनं पथ्य पाळलं, अगदी काटेकोर. उन्हाळा सरेपर्यंत सुनेच्या गालांवर मांस आलं, गोळीही चुकली नाही. मला इतका आनंद झाला, की सासूला बाहेर बसवून मी सुनेला म्हटलं, "आता कसलं पथ्य नको. सांगून टाकते त्यांना."

तिनं माझा हात घट्ट धरला.

"नका सांगू, बाई. लगीन झाल्यापासून ऊन भाकर आत्ताच मिळायली."

एवढी चीड आली मला, आणि ती काढायची कोणावर ते कळेना. मी सासूला आत बोलावलं आणि सांगितलं, हे पथ्य जन्मभराचं आहे.