त्यांच्या हरभऱ्याचा नैवेद्य

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. छातीच्या आजाराचे पेशंट माझ्याकडे जास्त असतात. श्वास आत घ्या, धरून ठेवा, हळू सोडा, हे मी दिवसभर सांगत असते. एका हिवाळ्यात न्यूमोनिया झालेले एक म्हातारे शेतकरी वॉर्डात आले. बायको वर्षभरापूर्वी गेलेली, मुलं नाहीत, शहराबाहेर शेती. खोकल्याने पार खिळखिळे झाले होते. जेवणाचा ट्रे जवळजवळ भरलेलाच परत जायचा. मी खायचा आग्रह केला की म्हणायचे, ‘नो वरीज, घरी गेलो की खाईन.’

ते बरे होऊन गेले आणि मी त्यांना विसरलेही. मग डिसेंबरात, इथल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एके दिवशी शिफ्ट संपवून बाहेर पडले, तर ते पार्किंगमध्ये आपल्या यूटला, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला, टेकून उभे. हौद्यात एक छोटं पोतं होतं.

“तू भारतातली ना?” ते म्हणाले. “आमचा हरभरा बोटीने तिकडेच जातो. जन्मभर पेरला, पण तुम्ही लोक त्याचं करता काय, ते कधी पाहिलं नाही.”

पोत्यात तपकिरी, टणक हरभरे होते. मी त्यांच्यासमोरच मूठभर हातात घेतले.

आई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेली होती. मार्गशीर्षातले गुरुवार तिने इथेही सोडले नव्हते. दिवसभर उपास, संध्याकाळी लक्ष्मीला नैवेद्य. पोतं उघडून तिने दाणे बोटांनी चाळले. मग म्हणाली, “पुण्यात मी वर्षानुवर्षं डाळ आणत आले. त्यात यांच्या शेतातली असेलही. आणि आपल्याला पत्ता नाही.”

“बोलावू का त्यांना जेवायला?”

“शेवटच्या गुरुवारी बोलाव. त्यांच्याच हरभऱ्याचं पुरण करते.”

सिडनीत वेंटवर्थव्हिलला, देशी दुकानांच्या शेजारी राहणारी माझी मैत्रीण असती तर हसली असती. दुकानात तयार डाळ मिळते की. पण आईने हरभऱ्यांना पाण्याचा हात लावला, घरामागच्या लाकडी डेकवर दोन दिवस कडक उन्हात वाळवले, मिक्सरमध्ये थोडे थोडे भरडले आणि सूप नाही म्हणून केकच्या ट्रेमध्ये पाखडले. इथला वारा जोरात असतो. सालं उडून शेजारच्या कुंपणापर्यंत गेली.

गुरुवारी ते वेळेच्या आधीच आले. शर्ट इस्त्रीचा, हॅट हातात. आई ओट्याशी होती. पुरणात गूळ शिजत होता, वेलदोड्याचा वास घरभर पसरला होता. मी त्यांना खुर्ची दिली. ते तिच्या हाताकडे बघत बसले.

“तिने चव घेतली नाही अजून,” ते थोड्या वेळाने हळूच म्हणाले.

“देवीच्या आधी कुणी चाखत नाही,” मी सांगितलं. “वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नसतो.”

“मग मीठ बरोबर पडलंय हे कसं कळणार?”

मी आईला विचारलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “नाही कळत. तेवढं तिच्यावर सोडायचं.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली, पेरणी करणारा माणूस पावसाबद्दल हलवतो तशी.

आईने पान वाढलं. भात, वरण, बटाट्याची भाजी, कटाची आमटी, पुरणपोळी, वर तूप. देव्हाऱ्यासमोर पाण्याने चौकोन काढला, त्यावर ताट ठेवलं, भोवती पाणी फिरवलं. डोळे मिटून उजवा हात ताटाकडून देवीकडे नेत ती पुटपुटू लागली. प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा.

हे मी जन्मल्यापासून ऐकत आले आहे. त्या संध्याकाळी, ज्यांच्या छातीला कान लावून मी त्यांचा श्वास मोजला होता, ते माझ्या शेजारी उभे होते, आणि मला पहिल्यांदा कळलं की आई काय म्हणते आहे. ती अन्न श्वासाला देत होती. माझ्यात, त्यांच्यात, देवीत चालतो त्या एकाच श्वासाला. इतकी वर्षं मी ज्याच्याशी रोज काम करते, त्याला आमच्या घरात रोज कुणीतरी हात जोडून जेवू घालत होतं.

आईने डोळे उघडले. ताट तसंच होतं, पोळीचा कोपराही हलला नव्हता. पण ते आता तेच ताट नव्हतं, आणि हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकणार नाही.

आम्ही जेवायला बसलो. त्यांनी पुरणपोळीचा पहिला घास अगदी सावकाश खाल्ला. मग विचारलं, “तुमच्या देवीला मांस का नाही चालत? माझ्याकडे गुरंही आहेत, म्हणून विचारतो. राग नको.”

आई म्हणाली, “काही देवांना वाहतात आमच्याकडेही. मी काही त्यांना नावं ठेवत नाही. पण मला वाटतं, देवापुढे ठेवायचं ते कुणाच्या भीतीतून आलेलं नसावं. दाणा पिकतो, झाड स्वतःच हात सैल करतं. ते घ्यावं.”

मी भाषांतर केलं.

“खरं आहे,” ते म्हणाले. “हरभरा काढायला येतो तेव्हा झाडाचं आयुष्य संपलेलं असतं. शेतातून चाललं की घाट्यांतले दाणे खुळखुळतात. मला तो आवाज नेहमी आवडत आला.”

आणि पाण्याचा घोट घेऊन, ताटाकडे बघतच, त्यांनी एक गोष्ट सांगितली. बायको गेल्यापासून ते रोज संध्याकाळी दोन ताटल्या वाढायचे. एक तिच्या खुर्चीसमोर. ती तिथे ठेवल्याशिवाय त्यांना बसवत नसे. नंतर तिची ताटली कुत्र्याला घालायचे, आणि मग स्वतःचीही पूर्ण संपायची नाही.

“वेड लागलंय असं वाटायचं,” ते म्हणाले. “डॉक्टरलाही नाही सांगितलं.”

हे मी आईला सांगितलं. आईला मात्र यात विचित्र काहीच वाटलं नाही.

“त्यांना सांग, हे वेड नाही. निम्मं केलंय त्यांनी, एवढंच. वाढलं, पण परत घेतलं नाही. तिला द्यायचं, थोडं थांबायचं, आणि मग ते तिने दिलं म्हणून आपण खायचं. ती ताटली त्यांचीच आहे.”

मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चेहऱ्यावरून एकदा हात फिरवला आणि आईला म्हणाले, “थँक यू, मिसेस.” आईने त्यांना अजून एक पोळी वाढली. ती त्यांनी संपवली.

आई पुण्याला परत गेली. पुढच्या हिवाळ्यात, पेरण्या झाल्यावर, त्यांनी मला आणि नवऱ्याला घरी बोलावलं. गाडीतून तास-सव्वातास, दोन्ही बाजूंना काळी माती. दार उघडलं तेव्हा मला पहिलं दिसलं ते त्यांचं भरलेलं अंग. गाल वर आले होते. चालताना दम लागत नव्हता.

टेबलावर एका खुर्चीसमोर ताटली होती. भाजलेला भोपळा, वाटाणे, उकडलेले बटाटे, त्यावर लोणी.

“माझ्या ताटात मांसाचा रोस्ट आहे,” ते जरा संकोचून म्हणाले. “तुमच्या नाही, घाबरू नका. पण या ताटलीत मी मांस ठेवत नाही आता. कुणी सांगितलं नाही. हातच जात नाही.”

ते त्या खुर्चीमागे उभे राहिले, आम्हीही राहिलो. त्यांनी बायकोला नावाने हाक मारली, रोज मारत असतील तशी, आणि म्हणाले की जेवण तयार आहे. खिडकीबाहेर शेतं सरळ आकाशाला भिडत होती. कुत्रं दारात बसून बघत होतं, पण आत आलं नाही. किती वेळ उभे होतो कोण जाणे. मला एवढं आठवतं की त्या स्वयंपाकघरात आम्ही तिघंच होतो असं मला वाटत नव्हतं.

मग त्यांनी ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि पाहुणी म्हणून आधी माझ्यासमोर धरली.