अभिमन आबांचा पुकारा

धुळ्याच्या बाजार समितीत अभिमन आबांचा पुकारा सुरू झाला, की रस्त्यापलीकडचा चहावाला गिऱ्हाईक सोडून कान द्यायचा. मूग असो की ज्वारी, लिलावात भाव चढवावा तर आबांनीच! त्यांचा एक दंडक होता : पुकारणाऱ्याचा चेहरा पडला, की भाव पडतो. दाढ ठणकत होती तेव्हा आणि एकदा तर पायात खिळा रुतलेला असतानाही आबा हसत पुकारत राहिले. असला माणूस दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांची पंचाईत व्हायचीच.

अठ्ठ्याण्णव साली आबांच्या हृदयाचं ऑपरेशन करायची पाळी आली, तेही मुंबईला. आबांना मरणाची भीती नव्हती. धास्ती एकच, छाती उघडल्यावर आवाज राहील का?

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "आबा, पाठीत मणक्याजवळ एक बारीक नळी बसवते. तिच्यातून औषध येत राहील, छाती फारशी दुखणार नाही. मग तुम्ही जोरात खोकायचं, खोल श्वास घ्यायचा. कफ साठला नाही, की आवाज तुमचाच."

ऑपरेशन पार पडलं. नर्स विचारायची, "दुखतं का?" आबा हसून म्हणायचे, "काही नही, माय." दुखतच नाही म्हटल्यावर नळीतलं औषध कमी होत गेलं. इकडे आबा खोकला गिळू लागले. छातीत घरघर सुरू झाली. नवऱ्याने मुठीत चादर आवळलेली पुष्पाबाईंनी पाहिली.

"खरं सांगी द्या ना," त्या कळवळल्या.

"गप बस, लोकं ऐकतीन."

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पण रागवायचं सोडून त्या म्हणाल्या, "आबा, मुगाचा एक ढीग पुकारून दाखवा बरं."

आबांनी श्वास ओढला, तो अर्ध्यातच अडकला. "मूग..." एवढंच बाहेर आलं, तेही मांजराच्या पिल्लासारखं. आबांचे डोळे भरले. चाळीस वर्षांचा दंडक त्या खाटेवर मोडला.

"दुखस, बाई. भलतंच दुखस."

"अहो, हेच तर आम्ही कालपासून विचारतोय!" बाईंनी औषध वाढवलं. थोड्या वेळाने उशी छातीशी धरून आबा असे खोकले, की शेजारच्या खाटेवरचा दचकला. नवऱ्याच्या खोकल्याचा असा अभिमान पुष्पाबाईंना जन्मात वाटला नव्हता.

मुगाच्या हंगामात आबा पुन्हा ढिगावर उभे राहिले. आवाज तोच, खणखणीत! पण ऐन रंगात छातीत कळ आली. आबा थांबले. जुने आबा हसून रेटत राहिले असते.

"थांबा रे भो," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "माले दुखस."

ते खाली बसले, तांब्याभर पाणी प्यायले. ढिगाचा मालक सुपडू तर रडवेला झाला. आता भाव पडणार! तेवढ्यात व्यापारी चंपालाल शेठनी हात वर केला.

"आबा, बसूनच पुकारा. माझा भाव चढवून घ्या."

पाठोपाठ दुसरा हात वर गेला, मग तिसरा. आबांनी तांब्या खाली ठेवला आणि बसल्या जागेवरून असा पुकारा दिला, की पलीकडच्या चहावाल्याचा चहा उतू गेला.