देवीचं लाकूड
डोलीचा बांबू मधोमध मोडला आणि मी घोंगडीसकट खाली आपटले. दोन दिवस कळा देऊन मूल अडलेलं, पौडचा दवाखाना अजून दोन कोस लांब, आणि भोवती सगळी देवराई. तिथली काडीसुद्धा तोडायची नाही, असा गावाचा नेम. कुजलेल्या पाचोळ्याचा ओला वास नाकात बसला होता. सासऱ्यांच्या हातात कोयता होता, पण ते हलेनात. "देवीचं लाकूड हाय. मेलो तरी तोडणार न्हाई." सासूबाई म्हणाल्या, "मरायला ती लागलीया, तुमी न्हाई. आना तो कोयता. देवीनं इचारलं तर माजं नाव सांगा." त्यांनीच घाव घालून जांभळीची सरळ फांदी पाडली. सासऱ्यांनी मग वहाणा काढल्या, आणि देवीचं लाकूड खांद्यावर आहे म्हणून पौडपर्यंत अनवाणी चालले. मागं दीर होते, पण पुढचं टोक सासऱ्यांनी कुणाला दिलं नाही. भला माणूस, भक्तीही खरी. पण नुसत्या भक्तीवर मी तिथंच मेले असते. पुढं एकदा मी हे त्यांना तोंडावर सांगितलं, तर "व्हय पोरी" एवढंच म्हणाले. मुलगी झाली, ती आता साठीची आहे. आम्ही दोघी वाचलो.